वस्तादाचा फडमालक कसा झाला? अमेरिकी कॉलेजांतल्या महिला टेनिस कोचची नोकरी, सोप्या भाषेत

३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसलेनं रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. श्रीरामपूरची मुलगी म्हणून तिचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. मधली काही वर्षं ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघातून खेळत होती, ही गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली.

आमच्या सोसायटीतल्या एका बापाच्या नजरेतून नाही सुटली. त्याची मुलगी चौदा वर्षांची आहे आणि पहाटे साडेपाचला कोर्टवर असते. त्यानं मला जिन्यात गाठून विचारलं, "कॉलेजात टेनिस खेळायला एवढं लांब कशाला? तिथला कोच म्हणजे आपल्या पीटीच्या सरांसारखाच असणार ना?"

नाही. ही नोकरी इतकी वेगळी आहे की तिला आपल्याकडे नेमका शब्दच नाही. त्यात गेल्या चार-पाच वर्षांत तिथे पैशांचे नियम उलटेपालटे झाले आणि नोकरीचा चेहराच बदलला. तेव्हा मुळापासून सांगतो.

कॉलेजला टेनिस कोच लागतोच कशाला?

आपल्याकडे खेळाडू घडतो तो क्लबात, अकादमीत, नाहीतर आईबापांच्या पैशावर. कॉलेजचा संबंध हजेरी माफ करण्यापुरता. अमेरिकेत कॉलेज हीच खेळाची एक मोठी पायरी आहे. आंतर-महाविद्यालयीन खेळांचा कारभार बघणाऱ्या मोठ्या संस्थेचं नाव एनसीएए. तिच्यात तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीतली विद्यापीठं खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात, विमानानं सामन्यांना नेतात, फिजिओ आणि अभ्यासाचे शिक्षक पुरवतात. तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. तिथला कोच बऱ्याचदा कॉलेजात दुसरंही एखादं काम सांभाळतो. महिला टेनिसचे पहिल्या श्रेणीतले संघ तीनशेच्या आसपास आहेत, म्हणजे मुख्य कोचच्या खुर्च्याही तेवढ्याच.

हा पैसा टेनिसमधून येत नाही. सामना बघायला येणाऱ्यांकडून बहुतेक ठिकाणी तिकीटसुद्धा घेत नाहीत. मोठ्या विद्यापीठांत अमेरिकन फुटबॉल कमावतो आणि बाकीचे खेळ त्यावर जगतात. एक भाऊ दुबईत आणि त्याच्या पगारावर गावाकडचं सगळं घर, तसं. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलींच्या संघामागे एक कायदा उभा आहे

साठच्या दशकाच्या सुरुवातीला बिली जीन किंग लॉस एंजलिसच्या एका सरकारी कॉलेजात शिकत होती. विम्बल्डनची दुहेरी जिंकलेली होती, तरी शिष्यवृत्ती नव्हती. टेनिस शिकवून ती खर्च भागवायची. त्याच शहरात आर्थर अ‍ॅश यूसीएलए विद्यापीठात शिष्यवृत्तीवर टेनिस खेळत होता. फरक एवढाच की तो मुलगा होता.

१९७२ मध्ये 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद करता येणार नाही, एवढंच तो सांगतो. मूळ वाक्य इंग्रजीत ३७ शब्दांचं आहे आणि त्यात खेळ हा शब्दही नाही. पण मुलांना संघ आणि शिष्यवृत्त्या द्यायच्या तर मुलींनाही द्याव्या लागतील, हा अर्थ त्यातून निघाला. १९८२ मध्ये एनसीएएची पहिली महिला टेनिस स्पर्धा झाली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठानं ती जिंकली.

यातून एक चमत्कारिक हिशेब तयार झाला. फुटबॉलच्या संघात शंभराच्या आसपास मुलं. तो तराजू सावरायचा तर मुलींच्या पारड्यात काहीतरी जास्त टाकायला हवं. म्हणून टेनिसमध्ये मुलींच्या संघाला ८ पूर्ण शिष्यवृत्त्या मिळत आणि मुलांच्या संघाला ४.५. पैशाची चणचण भासली की कुऱ्हाड आधी मुलांच्या टेनिसवर पडे. २०२० मध्ये मिनेसोटा आणि आयोवा या नावाजलेल्या विद्यापीठांनी पुरुषांचे टेनिस संघ बंद केले, महिलांचे ठेवले.

म्हणजे महिला संघाच्या कोचची खुर्ची कायद्यानं जरा जास्त भक्कम केली. मग त्या खुर्चीवर बायकाच बसल्या असतील, असं वाटेल. झालं उलटं. १९७२ मध्ये कॉलेजांतल्या महिला संघांच्या कोचपैकी ९० टक्क्यांहून जास्त बायका होत्या. पगार नावापुरता, किंवा तोही नाही. कायद्यामुळे नोकरीला पैसा आणि मान आला, तसे पुरुष अर्ज करू लागले. आज सगळे खेळ मिळून हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. पोळ्या लाटायच्या तोवर बाई, आणि हॉटेल निघालं की 'शेफ' पुरुष, हे काही आपल्याकडेच होत नाही.

सात गुणांचा सामना

टेनिस हा एकट्याचा खेळ, मग संघ कसला? इथली रचना समजली की कोचचं निम्मं काम समजतं.

दोन कॉलेजं भेटतात तेव्हा आधी तीन दुहेरी सामने एकाच वेळी होतात, प्रत्येकी एकच सेट. तीनपैकी दोन जिंकणाऱ्याला मिळून फक्त एक गुण. मग सहा एकेरी सामने, प्रत्येकी एक गुण. एकूण सात, त्यामुळे चार झाले की सामना खिशात. शिवाय ४०-४० झाल्यावर दोन गुणांची आघाडी लागत नाही, पुढचा एकच गुण गेम ठरवतो. त्यामुळे कमजोर मुलगीही बलाढ्य मुलीचे दोन-चार गेम सहज पळवते.

सहाही मुली एकाच वेळी सहा कोर्टांवर खेळत असतात आणि गुणांच्या मधल्या वेळात त्यांच्याशी बोलायला कोचला मुभा असते. कोच आणि त्याचे सहायक मिळून तीन माणसं, कोर्टं सहा. आता कुठे जायचं? पहिल्या कोर्टवरची संघातली सर्वांत चांगली मुलगी हरते आहे. पाचव्या कोर्टवर पहिल्या वर्षाची पोर ४-४ वर आहे आणि तिचे हात कापताहेत. गुण दोन्हीकडचा एकच. कसलेला कोच पाचव्या कोर्टवर जाऊन उभा राहतो. बहुतेक वेळा फोरहँडबद्दल अक्षरही बोलत नाही. पाणी पी म्हणतो.

स्टॅनफर्डच्या कोच लेले फोरूड यांच्या संघानं २०१३, २०१६ आणि २०१८ या तिन्ही वर्षांच्या अंतिम सामन्यात ४-३ असा विजय मिळवला. तिन्ही वेळा सहा गुण वाटून झाले होते आणि अख्खं विजेतेपद शेवटच्या एका कोर्टावर टांगलं होतं. २०१६ मध्ये तर त्यांना मानांकनच १५ वं होतं. एकदा झालं तर नशीब म्हणू. तीनदा झालं की मी तरी कोचकडे बघतो.

मुलींचा क्रमही मनाला येईल तसा लावता येत नाही. सर्वांत चांगली पहिल्या क्रमांकावर, मग उतरत्या भाजणीनं, असा नियम आहे. आपली पहिल्या क्रमांकाची मुलगी मुद्दाम सहाव्या कोर्टवर ठेवून सोपा गुण लाटला, तर समोरचा संघ तक्रार करू शकतो. पण तिसरी आणि चौथी यांत नेमकी चांगली कोण? इथे कोचला थोडी जागा मिळते. आणि चौथ्या क्रमांकावर गेलेल्या मुलीच्या आईचा फोन त्याच संध्याकाळी येतो, हे सांगायला नको.

शिकवणं किती, जमवणं किती?

हंगामात कोचला मुलींकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव घेता येतो, दिवसाला चारच, आणि एक दिवस सुटी द्यावीच लागते. हंगाम नसताना ८ तास. अठरा वर्षांची मुलगी कॉलेजात येते तेव्हा तिनं दहा-बारा वर्षं टेनिस खेळलेलं असतं. तिची सर्व्हिस मुळापासून बदलण्याइतका वेळच नसतो.

मग कोच दिवसभर करतो काय? मुली जमवतो. याला तिथे 'रिक्रूटिंग' म्हणतात. भरतीच म्हणा, पण भरतीत उमेदवार रांग लावतात आणि इथे चांगल्या उमेदवाराच्या दारात कोच रांग लावतात. मुलगी आपल्याकडच्या दहावीएवढी इयत्ता संपवते, त्या वर्षीच्या १५ जूनपासून कोच तिच्याशी थेट संपर्क साधू शकतो. म्हणून त्या रात्री बारा वाजून एक मिनिटानं मेसेज सुटतात. जगभरच्या खेळाडूंना एकाच मापानं मोजणारं 'यूटीआर' नावाचं मानांकन आहे, १ ते १६.५ पर्यंत. पुण्याच्या मुलीची आणि प्रागच्या मुलीची तुलना कोच त्यावरून घरबसल्या करतो. पण आकडा दिसला तरी हरल्यावर ती रॅकेट आपटते की हात मिळवते, हे दिसत नाही. ते बघायला तो विमानात बसतो.

पहिल्या श्रेणीच्या महिला टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू परदेशी आहेत. त्यामुळे व्हिसा, शाळेच्या गुणपत्रिका, भाषेची परीक्षा ही कामंही कोचच्याच कार्यालयातून होतात. त्यावर अभ्यासाचं ओझं. संघातल्या मुली पास होतात का, टिकतात का, याचे एनसीएए हजारपैकी गुण देते. ते ९३० च्या खाली गेले तर संघाला राष्ट्रीय स्पर्धा बंद. दाणादाण उडवणारी सर्व्हिस असली तरी संख्याशास्त्रात नापास होऊन चालत नाही.

आपल्या तालमीतल्या वस्तादाची आठवण इथे येते. पोराला डाव शिकवणं हे त्याच्या कामाचं एक अंग झालं. पोराचा खुराक, झोप, संगत, घरचं दुखणं, सगळ्यावर वस्तादाची नजर. जुना कॉलेज कोच असाच होता. चार वर्षं पोरी त्याच्या ताब्यात. पहिल्या वर्षी कच्ची असलेली चौथ्या वर्षी संघाची कप्तान होऊन बाहेर पडायची.

वर कसं चढतात?

सुरुवात बहुतेकांची सारखी. स्वतः कॉलेजसाठी खेळलेले, व्यावसायिक टेनिसमध्ये जेमतेम तग धरलेले. २०२३ पर्यंत संघाला दोन पगारी कोच आणि एक बिनपगारी 'स्वयंसेवक' अशी सोय होती. हा स्वयंसेवक काम पगारीएवढंच करायचा आणि संध्याकाळी क्लबात शिकवण्या घेऊन घरभाडं भरायचा. आता ते पद रद्द झालं आहे. पुढे सहायक, मग छोट्या विद्यापीठात मुख्य कोच, आणि चार वर्षं नाव झालं की मोठं विद्यापीठ. सहायकाचा करार बहुधा वर्षा-वर्षाचा. म्हणजे दर मे महिन्यात घरात एकच प्रश्न, मुलांच्या शाळेची फी भरायची की थांबायचं?

काही जण मात्र एकाच जागी मुळं धरतात. स्टॅनफर्डमध्ये फ्रँक ब्रेनन यांनी दोन दशकांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २००० मध्ये त्यांची जागा घेतली लेले फोरूड यांनी. त्या स्टॅनफर्डच्याच माजी खेळाडू, ब्रेनन यांच्याच हाताखाली वर्षानुवर्षं सहायक. त्यांनीही दहा जिंकली. त्या निवृत्त झाल्यावर गादीवर आले फ्रँकी ब्रेनन, फ्रँक यांचे चिरंजीव आणि फोरूड यांचे सहायक. घराणं म्हणतात ते हे!

वाट बघण्याचीही तयारी लागते. नॉर्थ कॅरोलायनाचे ब्रायन काल्बस २००३ पासून तिथे आहेत. संघ वर्षानुवर्षं आघाडीवर, पण एनसीएएचं पहिलं विजेतेपद हाती यायला २०२३ उजाडलं. ब्रायन शेल्टन यांचा प्रवास आणखी वेगळा. २००७ मध्ये त्यांनी जॉर्जिया टेकच्या महिला संघाला जिंकून दिलं आणि २०२१ मध्ये फ्लोरिडाच्या पुरुष संघाला. दोन्हीकडे जिंकणारे ते पहिलेच. फ्लोरिडाचा निर्णायक गुण मिळवणारा पोरगा होता बेन शेल्टन, त्यांचा मुलगा. दोन वर्षांनी त्यांनी ती मानाची नोकरी सोडली आणि मुलाचे पूर्णवेळ कोच झाले.

आणि ऋतुजाच्या टेक्सास ए अँड एमचं काय? हॉवर्ड जॉफी यांनी त्या संघाला २०१३ च्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. नंतर ते गेले कुठे, तर थेट कट्टर वैरी असलेल्या टेक्सास विद्यापीठात, आणि २०२१, २०२२ असं दोनदा जिंकले. मागे राहिलेले त्यांचे सहायक मार्क वीव्हर मुख्य कोच झाले आणि २०२४ मध्ये ए अँड एमला त्यांनी पहिलं विजेतेपद मिळवून दिलं. मोहन बागानचा माणूस ईस्ट बंगालला गेल्यावर जी चर्चा होईल, ती तिथेही झाली असणार.

मग बदललं काय?

तीन गोष्टी, आणि तिन्ही लागोपाठ.

पहिली, संघ बदलण्याची मोकळीक. पूर्वी कॉलेज बदललं तर काही खेळांत वर्षभर बसून राहावं लागे. २०१८ मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. मला दुसरीकडे जायचं आहे, असं खेळाडूनं जाहीर करायची ही ऑनलाइन यादी. २०२१ पासून सगळ्याच खेळांत एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळता येतं, अभ्यास ठीक असला म्हणजे झालं.

दुसरी, जुलै २०२१ पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली.

तिसरी सर्वांत मोठी. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या खटल्याच्या तडजोडीला मान्यता दिली. जुन्या खेळाडूंना भरपाई सुमारे २८० कोटी डॉलरची, आणि पुढे विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांची मर्यादाही गेली. त्याऐवजी संघाच्या आकाराला मर्यादा आली, टेनिससाठी १० खेळाडू.

ऐकायला छान वाटतं. पण तो दुबईचा भाऊ आठवा. थेट पैशातला बहुतांश वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, कारण कमावते तेच. टेनिसच्या वाट्याला येतात पाठीमागचे शिंतोडे. खर्च मात्र वाढला, आणि मग कुठला संघ बंद करायचा याची चर्चा सुरू होते.

इथे वस्ताद मागे पडतो आणि फडमालक पुढे येतो. तमाशाच्या फडात हंगामापुरते कलाकार बांधायचे असतात. त्यासाठी उचल द्यावी लागते. दसऱ्याला फड उभा राहतो, यात्रांच्या हंगामात गावोगाव फिरतो, आणि हंगाम संपला की चांगल्या ढोलकीवाल्याच्या कानाशी दुसरा मालक लागतो. पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव. कॉलेज कोचचं आता तेच होतं. मेमध्ये स्पर्धा संपते आणि जूनमध्ये त्याला कळत नाही की ऑगस्टला आपल्याकडे कोण असेल. कच्च्या मुलीला दोन वर्षं घडवावं, तर तयार झाल्यावर ती मोठ्या विद्यापीठात जाते. मग अठरा वर्षांची कच्ची मुलगी घेण्यापेक्षा बावीस वर्षांची तयार मुलगी पोर्टलमधून उचललेली बरी, असा हिशेब होतो. याचा फटका बसतो तो आमच्या सोसायटीतल्या मुलीसारख्या, उशिरा फुलणाऱ्या खेळाडूंना.

"पण एवढं सगळं करून मुलीचं टेनिस वाया जात नाही का?"

आपल्याकडे हा आक्षेप हमखास येतो. शिक्षण की खेळ, एक काहीतरी धर. डॅनियल कॉलिन्सनं दोन्ही धरलं. ती फ्लोरिडातून व्हर्जिनियाला गेली, २०१४ आणि २०१६ ची कॉलेज विजेती झाली आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात खेळली. त्याच व्हर्जिनियाची एमा नवारो २०२१ ची कॉलेज विजेती, २०२४ च्या अमेरिकन ओपनमध्ये उपांत्य फेरीत. आणि जी मुलगी जगातल्या पहिल्या दोनशेत पोचत नाही, म्हणजे जवळपास प्रत्येकच, तिच्या हातात पदवी राहते.

"अमेरिकेचा पैसा परदेशी मुलींवर कशाला?"

हा आक्षेप तिकडच्या पालकांचा, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण कोचचा करार जिंकण्यावर टिकतो, पासपोर्टच्या रंगावर नाही. शिवाय परदेशी मुलीला एक तोटा आहेच. विद्यार्थी व्हिसावर काम करून कमाई करायला कडक निर्बंध असतात, त्यामुळे जाहिरातीचा पैसा संघातली अमेरिकन मुलगी घेते तसा तिला सहजी घेता येत नाही. एकाच संघात, एकाच जोडीत दुहेरी खेळणाऱ्या दोघी, आणि एकीलाच दुकानाच्या उद्घाटनाचं मानधन.

"मग कोचला विचारायचं तरी काय?"

हे त्या बापानं परवा विचारलं. मुलीला अजून दोन वर्षं आहेत, पण त्यानं वही केली आहे. शिष्यवृत्ती किती टक्के, दरवर्षी नव्यानं ठरते की चारही वर्षांची, दुखापत झाली तर काय, अशा ओळी त्यात आहेत. मी आणखी दोन लिहायला सांगितल्या. संघातल्या किती मुली गेल्या वर्षी पोर्टलमधून आल्या, आणि किती पहिल्या वर्षापासून तुमच्याकडेच आहेत?

त्यानं लिहून घेतलं. मग पेन तसंच धरून म्हणाला, "आणि त्या कोचचा स्वतःचा करार किती वर्षांचा उरलाय, हे विचारलं तर चालतं का हो?"

चालतं म्हटलं. सरकारी विद्यापीठ असेल तर विचारायचीही गरज नाही. तो करार सार्वजनिक दस्तऐवज असतो.